व्हिसाची मुदत वेगळी, मुक्कामाचे दिवस वेगळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलगा किंवा मुलगी परदेशी असलेली घरे नागपुरात आता प्रत्येक वस्तीत आहेत आणि उन्हाळा जवळ आला की त्यांच्या आईवडिलांची व्हिसासाठी धावपळ सुरू होते. बँकेची विवरणे, विमा, निमंत्रणपत्र यांची चर्चा भरपूर होते. परंतु व्हिसा हाती आल्यावर त्यावर नेमके काय छापले आहे, हे कोणी नीट वाचत नाही. आम्हीही वाचले नव्हते.

गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे जर्मनीला गेलो. आमचा शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) एक वर्ष मुदतीचा आणि अनेक वेळा प्रवेशाची मुभा देणारा होता. १ मार्चला तेथे उतरलो आणि घरातील लग्नासाठी ९ मे रोजी परत निघालो. पुढे जावयांची रजा संपली, म्हणून १० जुलैला पुन्हा गेलो. परतीचे तिकीट शहरातील एका प्रवास संस्थेने २० ऑगस्टचे काढून दिले होते. व्हिसा फेब्रुवारीपर्यंत आहे, काळजीचे कारण नाही, असे तेथे आम्हाला ठामपणे सांगण्यात आले. जर्मनीत पोहोचल्यावर जावयांनी दिवस मोजले, तेव्हा कळले की मुभा असलेल्या ९० दिवसांपैकी आमचे ७० दिवस आधीच खर्च झाले असून केवळ २० उरले आहेत आणि फार तर २९ जुलैपर्यंतच आम्हाला राहता येईल. मुदतवाढ मिळेल का, याची चौकशी मुलीने केली; पण ती आजारपणासारख्या गंभीर किंवा अपरिहार्य कारणासाठीच मिळते, नात सांभाळण्यासाठी नाही. तिकिटे बदलण्याचा भुर्दंड भरून, चार महिन्यांच्या नातीला सोडून आम्ही परतलो.

नियम असा आहे. शेंगेन क्षेत्रातील कोणत्याही दिवशी मागे वळून, तो दिवस धरून, १८० दिवस मोजावेत. त्या काळात आपला एकूण मुक्काम ९० दिवसांपेक्षा अधिक होता कामा नये. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, असे दोन्ही दिवस मुक्कामात धरले जातात. हे १८० दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नसतात, रोज एकेक दिवसाने पुढे सरकतात, आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. कोणी १ मार्च ते २९ मे असे सलग ९० दिवस राहिले, तर व्हिसाची मुदत कितीही शिल्लक असली तरी त्यांना २८ ऑगस्टपूर्वी पुन्हा पाऊल ठेवता येत नाही. मधल्या काळात जर्मनीतून स्वित्झर्लंडला चार दिवस जाऊन आल्याने मोजणी थांबत नाही, कारण या क्षेत्रातील २९ देशांचा हिशेब एकच असतो. व्हिसाच्या चिकटपट्टीवर मुदतीच्या दोन तारखांखेरीज मुक्कामाच्या दिवसांचा आकडा स्वतंत्र छापलेला असतो. काहींना तो १५ किंवा ३० दिवसांचाच मिळतो. तो आधी पाहावा.

अमेरिकेबाबतही हीच गल्लत होते. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी त्या खेपेला किती दिवस राहायचे, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते.

हे आताच लिहिण्यास कारण आहे. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमानुसार वापरलेल्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून साधारणपणे दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा देण्याचे धोरण युरोपीय संघाने स्वीकारले आहे. ही सवलत स्वागतार्ह आहे. मात्र मुदत जितकी लांब, तितका दिवसांचा विसर पडण्याचा संभव अधिक. दुसरीकडे, १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सीमांवर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे व छायाचित्रासह संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे जास्तीचा एक दिवसही आपोआप दिसून येतो. दंड, प्रवेशबंदी आणि पुढचा व्हिसा नाकारला जाणे, असे त्याचे परिणाम होऊ शकतात.

शहरातील प्रवास संस्थांना माझी विनंती आहे की, परतीचे तिकीट काढताना ग्राहकाच्या पासपोर्टवरील आधीच्या प्रवासाच्या तारखा पाहाव्यात आणि उरलेल्या दिवसांचा आकडा पावतीवर लेखी द्यावा. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी विनामूल्य गणकयंत्र उपलब्ध आहे, त्यात दोन मिनिटांत उत्तर मिळते. आपल्या दैनिकानेही उन्हाळी सहलींच्या जाहिराती सुरू होण्यापूर्वी ही मोजणी उदाहरणासह छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर