जुनी शिडाची बोट पाण्याबाहेर काढून विका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२२ साली बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली, तेव्हापासून आपल्या खाडीतल्या जलवाहतुकीवर वर्तमानपत्रांत वरचेवर लिहून येते. त्यात जुन्या शिडाच्या बोटींचा विषय मात्र कधी निघत नाही. पंचवीस-तीस फुटी, फायबरच्या, आत झोपायची आणि चहा करायची सोय असलेल्या या बोटी. मालकाचे गुडघे दुखू लागतात, मुले परदेशी स्थायिक होतात, बोट विकायला निघते आणि वर्षानुवर्षे नांगरावर तशीच राहते. ‘गिऱ्हाईकच नाही’ ही नेहमीची तक्रार. गिऱ्हाईक असते. ते येते, बघते आणि निघून जाते, कारण तळ पाण्याखाली आणि कागद कपाटात असलेल्या बोटीला कुणी जाणता माणूस किंमत सांगत नाही.

पहिली चूक वेळेची. बहुतेक मालकांना बोट विकायची आठवण होते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे बोट वर ओढून शाकारण्याचा खर्च तोंडावर आला की. घेणाऱ्यालाही हे कळते. पैसे मोजायचे आणि चार महिने ताडपत्रीखालची बोट बघत बसायचे, हा व्यवहार त्याने का करावा? नारळी पौर्णिमेनंतर तयारीला लागावे आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बोट दाखवावी. पुढे मेपर्यंत दुपारचा वायव्येचा वारा असतो, घेणाऱ्याला पुरता हंगाम मिळतो.

दुसरे, तळ दाखवण्याचे. उधाणाच्या ओहोटीला बोट उघडी पडते तेव्हा बघून घ्या, असे सांगणारे बरेच. आपल्या खाडीत हे फसवे आहे. मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक उतरते खरे, पण बोट बसते ती चिखलात. कील (बोटीच्या तळाला खाली असलेला वजनदार पंखा) आणि सुकाण्याचा खालचा भाग, म्हणजे नेमके जे बघायचे तेच, गाळात रुतलेले असते. तेव्हा क्रेन लावून बोट बाहेर काढण्याला पर्याय नाही. तीस फुटी बोटीचे वजन सामानासह साधारण चार ते पाच टन धरावे. क्रेनवर लिहिलेली क्षमता हात जवळ असतानाची असते. धक्क्यापासून आठ-दहा मीटर लांब हात टाकला की ती कितीतरी घटते, हे क्रेनवाल्याशी आधी बोलून घ्यावे. बोट उचलायचे पट्टे दोन, रुंद, आणि मागचा पट्टा प्रोपेलरच्या शाफ्टवर येता कामा नये. शाफ्ट वाकला तर बोटीच्या किमतीतला चांगला हिस्सा तिथेच गेला. पट्ट्याची जागा बोटीच्या बाजूला रंगाने खूण करून ठेवावी.

बोट वर आली की घेणाऱ्याला त्याच दिवशी बोलवावे. तळावरच्या फायबरला पाणी पिऊन आलेले फोड पहिल्या दिवशी ठळक दिसतात, सुकल्यावर बसतात. म्हणून काही जण मुद्दाम महिनाभर थांबून वरून रंग मारतात. जुन्या बोटीला बारीक फोड असायचेच. त्याने बोट बुडत नाही, किंमत थोडी उतरते एवढेच. ताजा रंग मात्र संशय वाढवतो. कील आणि बोटीच्या सांध्यात गंजाचा ओघळ आहे का, प्रोपेलर हातात धरून हलवला तर शाफ्ट खडखडतो का, हे घेणारा बघणारच. गाळाच्या पाण्यात शाफ्टचे रबरी बेअरिंग लवकर झिजते. ते स्वस्त असते, पण बदलायला बोट बाहेरच लागते. तेव्हा ती वर आहे तोवर बदलून टाकावे.

खरा घोळ वरच्या बाजूला असतो. कित्येक बोटींचा डेक म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाचे सारण. कठड्याचे खांब, विंच (शिडाचे दोर ताणायच्या चकऱ्या), कड्या जिथे बोल्टने बसवल्या आहेत तिथली सीलंट दहा-बारा वर्षांत कडक होऊन सुटते, पावसाचे पाणी बोल्टच्या भोकातून आत झिरपते आणि लाकूड कुजते. वरून काही दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेक वीतभर अंतराने ठोकत जावे: चांगल्या जागी टणटण, कुजक्या जागी बद्द आवाज. बद्द आवाजाच्या कडेने खडूने रेघ ओढली की आकार आपोआप कळतो, आणि बहुधा त्याच्या मधोमध एखादा बोल्ट असतो. तो भाग किती हात लांब-रुंद आहे हे विकणाऱ्यानेच मोजून, फोटोसह लिहून द्यावे. घेणाऱ्याचा सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, तेच ठोकून काढणार. मग किंमत पाडायची संधी त्याला आयती का द्यायची?

डोलकाठी धरणाऱ्या स्टीलच्या तारा वरून चकचकीत दिसतात. दगा देतात त्या खालच्या टोकाला, जिथे तार दाबून टर्मिनलमध्ये बसवलेली असते. तिथे खारे पाणी साचते. टर्मिनलवर उभी केसासारखी चीर किंवा तारेचा एक धागा तुटलेला दिसला, तर सगळ्या तारा बदलायच्या आहेत असेच समजून किंमत धरावी. त्याहून लबाड म्हणजे या तारा ज्यांना अडकवतात त्या, डेकमधून आरपार जाणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या. स्टेनलेस स्टीलला न गंजायला हवा लागते. ओल्या लाकडात दाबलेल्या जागी हवा मिळत नाही आणि पट्टी आतून खचते. केबिनमध्ये त्या जागेखाली तपकिरी ओघळ दिसला, तर एक पट्टी काढून घेणाऱ्यासमोर टेबलावर ठेवावी. तारांना दहा-पंधरा वर्षे झाली असतील तर तेही जाहिरातीतच लिहावे. शिडांचे कापड टिकते, उन्हाने आधी शिवण जाते. नखाने ओढून बघितले की कळते.

डिझेल इंजिन गिऱ्हाईक यायच्या आधी गरम करून ठेवू नये. जाणकार माणूस आल्या आल्या इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवतो, आणि ते गरम लागले की पुढचे काहीच तो खरे मानत नाही. थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू करावे. धुराबरोबर पाण्याच्या पिचकाऱ्या पडल्या पाहिजेत. नाही पडल्या तर आधी पाण्याची गाळणी बघावी (आपल्याकडे प्लॅस्टिक आणि गाळ), मग पंपातला रबरी पंखा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर आला तर बरेचदा इंजिन निर्दोष असते, प्रोपेलरवर शिंपल्यांचा थर असतो. तेलाची काडी काढल्यावर दुधट तेल दिसले तर आत पाणी गेले आहे.

पडदे, गाद्या, नवा प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा) यांवर खर्च करू नये. तो वसूल होत नाही. बोट रिकामी करून, तळातले पाणी पुसून कोरडी ठेवावी. वास गेला की निम्मे काम झाले.

आता कागद, जिथे ठरलेला व्यवहार मोडतो. नोंदणीचे प्रमाणपत्र, मूळ बिल, विमा, धक्क्याची थकबाकी नसल्याचा दाखला, व्हीएचएफ रेडिओचा, म्हणजे बोटीवरच्या बिनतारी संचाचा, परवाना. बोट परदेशातून आली असेल तर सीमाशुल्क भरल्याची बिल ऑफ एंट्री; ही हरवलेली असेल तर जाहिरात देण्याआधी नक्कल काढायच्या मागे लागावे. बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. इंजिन मध्ये कधीतरी बदललेले असते आणि कागदावर जुनेच राहते. नाव बदलायला काय लागते ते महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आधीच विचारून ठेवावे. बयाणा घेताना सर्व्हे आणि पाण्यातली चाचणी पार पडल्यावरच व्यवहार पक्का, असे लिहून घ्यावे आणि सामानाची यादी नांगर-साखळीच्या लांबीसकट जोडावी. चाचणी भरतीच्या आधी दोन तास निघेल अशी ठेवावी. बोट पुढे ठाण्याच्या बाजूला न्यायची असेल तर भरतीला वाशी पुलाखाली किती उंची उरते आणि डोलकाठी किती उंच, हे आधी मोजलेले बरे.

सागरी मंडळ आणि सिडकोला एक विनंती. नेरूळ-बेलापूरच्या धक्क्यांवर प्रवाशांची सोय झाली, तशी खासगी बोटी बाहेर काढायला सिमेंटचा उतार, पाच-सहा टन पेलणारी क्रेन आणि दहा-बारा बोटी टेकूवर उभ्या राहतील एवढी फरसबंद जागा भाडे आकारून द्यावी. फायबर कुजत नाही. विकल्या न गेलेल्या बोटी शेवटी दोर तुटून तिवरांत शिरतात, आणि तिथून त्या काढायला तिवरे तोडल्याशिवाय यंत्र आत नेता येत नाही.

– एक वाचक, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई