‘धोका कमी’ हा शिक्का कशाच्या आधारावर?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नैराश्याच्या रुग्णाचे मेंदूचे स्कॅन संगणकाला दिले की त्याच्या आत्महत्येचा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेने समजतो, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. माझी नोकरीची सगळी वर्षे मनोरुग्णांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या सोबतीत गेली. अशाच एका बातमीचे कात्रण घडी घालून खिशातून काढणारे आणि ‘आमच्या मुलाचे एवढे करून घ्या’ म्हणणारे वडील मला आजही आठवतात. त्यांना त्या दिवशी घाईत जे सांगता आले नाही, ते इथे मांडतो.

यातला एक अतिशय गाजलेला शोधनिबंध २०१७ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात आला होता. आत्महत्येचे विचार येणारे १७ तरुण आणि तसे विचार न येणारे १७ जण, एवढेच त्यातले सहभागी होते. यंत्राच्या नळीत डोके न हलवता पडून राहायचे, कानांवर ठकठक आदळत असताना समोर काही सेकंद दिसणाऱ्या ‘मृत्यू’, ‘क्रौर्य’, ‘कौतुक’ अशा शब्दांवर विचार करायचा आणि त्या वेळी मेंदूच्या कोणत्या भागात रक्तातील प्राणवायूचे प्रमाण कसे बदलते याची नोंद घ्यायची, अशी ती पद्धत होती. मशीन लर्निंगने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय पद्धतीने, ३४ पैकी ३१ जणांना बरोबर गटात टाकले आणि ‘९१ टक्के अचूकता’ हा आकडा जगभर फिरला. पण कोणते शब्द आणि मेंदूतल्या कोणत्या जागा उपयोगी, हे ज्या माहितीवरून निवडले, तिच्यावरच अचूकताही मोजली गेली, असा आक्षेप पुढे घेतला गेला. सरावाला दिलेलीच प्रश्नपत्रिका परीक्षेला ठेवावी, तसे हे झाले. २०२३ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. मेंदूचे स्कॅन आणि माणसाचे वर्तन यांचा भरवशाचा संबंध दाखवायला हजारो माणसे लागतात, हे २०२२ मध्ये ‘नेचर’मधील एका मोठ्या अभ्यासाने दाखवले होते. इथे तर पन्नासही नव्हती.

समजा, उद्या खरोखरच नव्वद टक्के अचूक चाचणी आली. एक लाख रुग्णांपैकी वर्षभरात १०० जण आत्महत्या करतील असे गृहीत धरले, तर ती चाचणी त्यांतले ९० जण ओळखेल. पण उरलेल्या ९९,९०० जणांपैकी ९,९९० जणांवरही ‘धोका’ हा शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या शंभरांत खरा धोका असलेला एखादाच. आणि सुटून गेलेले ते १० जण ‘धोका कमी’ असे लिहिलेला कागद घेऊन घरी जातील. मला सर्वांत जास्त भीती या कागदाची वाटते. आत्महत्येचा विचार तासातासाला उसळतो आणि ओसरतो. सकाळी काढलेले चित्र रात्रीची हमी देऊ शकत नाही. शिवाय विचार येणे आणि कृती होणे यांत मोठे अंतर आहे, आणि १७-१७ जणांचा तो अभ्यास मुख्यतः विचारांपुरताच होता.

हा दोष केवळ स्कॅनचा नाही. पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा २०१७ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा आत्महत्येचे भाकीत नाणेफेकीपेक्षा थोडेसेच सरस ठरले. उपचारांबाबत मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२२च्या मार्गदर्शिकेत, भाकितासाठी जोखमीच्या गुणपट्ट्या (प्रश्नांच्या उत्तरांना गुण देऊन धोका ठरवणाऱ्या प्रश्नावल्या) वापरू नका आणि त्यांच्या आधारे कोणाला उपचार द्यायचे हे ठरवू नका, असे स्पष्ट म्हटले आहे.

त्या वडिलांना मी विचारले होते, ‘मुलाला जगणे नकोसे वाटते का, हे तुम्ही त्याला विचारले आहे का?’ ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘विचारले तर नको ते डोक्यात यायचे.’ ही समजूत घरोघरी आहे आणि ती चुकीची आहे. सरळ, मायेने विचारल्याने धोका वाढत नाही. त्यापुढची मदतही साधी असते. संकटाच्या वेळी काय करायचे, कोणाला फोन करायचा, घातक वस्तू दूर कशा ठेवायच्या याची रुग्णासोबत बसून लिहिलेली योजना आणि नंतर पाठपुराव्याचे फोन एवढ्याने, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, सहा महिन्यांतील आत्मघाती वर्तन नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले.

मेंदूवरील संशोधन थांबावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. नैराश्यात मेंदूत काय घडते हे समजलेच पाहिजे. आपल्याला विनंती एवढीच, की अशी बातमी देताना किती माणसांवर अभ्यास झाला आणि अगदी नव्या माणसांवर तो पडताळला का, हे पहिल्या परिच्छेदातच छापावे. आणि एखादा निबंध मागे घेतला गेला, तर मूळ बातमीइतक्याच ठळकपणे तेही कळवावे. ते कात्रण खिशात बाळगणाऱ्या वडिलांपर्यंत ही दुसरी बातमी कधी पोहोचलीच नसेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मानसोपचार समाजसेवक