'व्हेनिसमध्ये मुक्काम' म्हणजे नेमका कुठे?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हेनिसच्या आलिशान सहलीवर पानभर लेख होता आणि त्याच पानाच्या तळाशी एका सहल कंपनीची जाहिरात होती. 'व्हेनिसमध्ये मुक्काम, खासगी मोटरबोट, गोंडोला समाविष्ट.' लेखाबद्दल माझी काही तक्रार नाही. पत्र लिहायला बसले ती जाहिरात वाचून, कारण अशाच एका जाहिरातीवर भुलून २०१३ साली मी आणि आमचे हे व्हेनिसला गेलो होतो आणि व्हेनिस न बघता परत आलो होतो.

त्या वेळी आमचा 'व्हेनिसमधला मुक्काम' मेस्त्रेला होता. मेस्त्रे व्हेनिसच्याच महापालिकेच्या हद्दीत येतं, म्हणून जाहिरातवाल्याला खोटारडा म्हणायची सोय नाही. पण ते खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर; खरं जुनं व्हेनिस पलीकडे, बेटावर. हॉटेलच्या खिडकीतून पेट्रोलपंप दिसायचा. सिंधुदुर्ग किल्ल्यात राहायला नेतो म्हणायचं आणि कसालच्या तिठ्यावर उतरवायचं, त्यातला प्रकार! सकाळी बसने पूल ओलांडून त्रोन्केत्तोच्या वाहनतळावर, तिथून लाँचने सान मार्कोच्या चौकाजवळ. मग काचेच्या कारखान्यात एका माणसाने मिनिटभरात काचेचा घोडा करून दाखवला आणि पुढचा तास आम्हाला विक्रीच्या दालनात फिरवलं. गोंडोल्यात सहाजण कोंबले. 'चार वाजता बस, उशीर झाला तर थांबणार नाही' हे वाक्य दिवसभरात इतक्या वेळा ऐकलं, की व्हेनिस म्हटलं की मला अजून तेच आठवतं.

चाळिसाव्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलांनी पैसे हातावर ठेवले आणि म्हणाली, यंदा चैन करा. मी म्हटलं, पुन्हा व्हेनिस. ह्यांनी कपाळाला हात लावला. पण या वेळी आखणी मी केली. बत्तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलंय, सहलीचं काय मोठंसं!

सर्वांत मोठा खर्च केला तो चार रात्रींच्या मुक्कामावर, आणि तोही बेटावरच. दोरसोदुरो भागात, एका अरुंद कालव्यावरच्या जुन्या घरात खोली घेतली. गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपून गेलो, तेव्हा रात्रीला २२० युरो पडले. युरो शंभर रुपयांच्या घरात धरा. उन्हाळ्यात त्याच खोलीचा दर जवळजवळ दुप्पट होता. शिवाय पालिकेचा मुक्कामकर माणशी, रात्रीप्रमाणे हॉटेलातच द्यावा लागतो. त्याबद्दल कुरकुर नाही, कारण बेटावरचा कचरासुद्धा होडीनेच न्यावा लागतो.

विमानतळावरून वॉटर टॅक्सी केली नाही. सव्वाशे-दीडशे युरो देऊन दोघांनी चकचकीत लाकडी बोटीत बसायचं, फोटो छान येतो खरा. आम्ही त्याऐवजी आलिलागुनाच्या सामायिक बोटीने गेलो. खाडी तीच, पाणी तेच. पुढे शहरात फिरायला वापोरेत्तो, म्हणजे तिथली बससारखी बोट. तिचं एकेरी तिकीट ९.५० युरो आणि ७५ मिनिटांचं. माणशी ४५ युरोत तीन दिवसांचा पास मिळतो, तो घ्यावा. संध्याकाळी एक नंबरच्या बोटीत बसून ग्रँड कॅनॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावं. दोन्ही बाजूंना सरदारांचे वाडे, कुठे वरच्या मजल्यावर दिवा लागलेला, छताची रंगवलेली तुळई दिसते न दिसते तोच बोट पुढे सरकते. एवढ्यासाठी ह्यांनी तीन संध्याकाळी मला त्याच बोटीत बसवलं.

गोंडोला मात्र केला. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०, आणि हा दर अख्ख्या होडीचा असतो, माणशी नव्हे. हे माहीत नसल्यामुळे लोक फसतात. ज्यांना नुसतं गोंडोल्यात पाय ठेवल्याचं समाधान हवं, त्यांनी त्रागेत्तोने पलीकडे जावं. दोन युरोत तशीच होडी ग्रँड कॅनॉल ओलांडून देते. उभं राहायचं, दोन मिनिटांत पलीकडे. पूर्वी आमच्याकडे नदी ओलांडायला 'तर' असायची, अगदी तशी.

सामानाचं सांगते, कारण लेखात ते नव्हतं. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. चाकांची बॅग घेऊन चार पूल चढले-उतरले की गुडघे आपलं वय सांगतात. हॉटेल ठरवताना तारे मोजू नयेत, बोटीच्या धक्क्यापासून मध्ये किती पूल लागतात ते विचारावं. आमच्या वाटेत एकच होता.

आता चैनीबद्दल. साडेचार-पाच वाजले, की बसवाले सगळे परत निघतात. सात वाजता सान मार्कोच्या चौकात आम्ही उभे होतो तेव्हा ओल्या फरशीवर आमच्याच चपलांचा आवाज येत होता. १७२० साली सुरू झालेल्या फ्लोरियानमध्ये कॉफी घेतली. बाहेर वादक वाजवत असले, की संगीताचे पैसे बिलात वेगळे लागतात, ते आनंदाने दिले. पण सकाळची कॉफी आम्ही गल्लीतल्या टपरीवजा दुकानात फळीशी उभ्यानेच प्यायचो, कारण टेबलाशी बसलं की तीच कॉफी महाग होते. आणि दुपारचं जेवण बाकारोत. बाकारो म्हणजे छोटा गुत्ता, काचेच्या कपाटात चिकेत्ती मांडलेल्या, बोटभर पावावर काहीबाही ठेवलेलं. तिथे सार्दे इन साओर खाल्लं आणि मी कुडाळची आहे हे मला पुन्हा पटलं. तळलेली तारली, वर भरपूर परतलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे. खलाशांनी मासा टिकवायला काढलेली युक्ती. ह्यांचा गुरुवार होता, ते चीज खात माझ्याकडे बघत बसले.

२१ नोव्हेंबरला तिथे होतो, हे मात्र ठरवून नव्हे, योगायोगाने. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहराने देवीला नवस केला होता, साथ हटली तर देऊळ बांधू. ते सालूतेचं चर्च. दर वर्षी त्या दिवशी ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता पूल बांधतात आणि गाव चालत मेणबत्ती लावायला जातं. बेटावर आता पन्नास हजारांहून कमी माणसं राहतात म्हणे, १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास होती. उरलेली बहुधा सगळी त्या दिवशी पुलावर होती. आज्या नातवंडांना ओढत नेत होत्या, चर्चमागे फुगेवाले, तळणीचे गोड गोळे. आमची भराडीदेवीची जत्रा आठवली. ज्या आलिशान हॉटेलात आम्हाला राहणं परवडलं नाही, त्याच्या दारावरूनच तो पूल सुरू होतो. पुलावरून जायला पैसे पडत नाहीत.

संपादक महाशय, सध्या तिकडे दिवसापुरत्या पाहुण्यांवर कर आहे. २०२४ पासून वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक गर्दीच्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात बेटावर येणाऱ्याने ५ युरो भरायचे. २०२५ मध्ये दिवस वाढले आणि आयत्या वेळी नोंदणी केली तर १० युरो. पालिकेच्या हद्दीत मुक्काम असेल तर माफी, पण आधी नोंदणी करावी लागते. ही माफी मेस्त्रेलाही लागू आहे. म्हणजे कागदावर आम्ही २०१३ सालीसुद्धा व्हेनिसचे मुक्कामी पाहुणेच होतो!

म्हणून माझी विनंती एवढीच. जाहिरात छापू नका असं म्हणत नाही, वृत्तपत्र चालायला हवं. पण पुरवणीत सहलीच्या जाहिराती घेताना मुक्कामाचं ठिकाण 'बेटावर' की 'मेस्त्रे' एवढा एक शब्द छापायचा आग्रह धरा. वाचक ठरवेल काय ते. निवृत्तीची पुंजी मोडून एकदाच जाणारी माणसं असतात. त्यांना पंचतारांकित मेस्त्रेपेक्षा बेटावरची साधी खोली हवी असेल, तर ते निघण्याआधी कळायला हवं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

ता. क. माझ्या आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ आहे. घेऊन गेले नव्हते, बँकेत आहे, पण मोबाइलमध्ये फोटो होता. सान मार्कोच्या चौकातल्या कोरेर संग्रहालयात व्हेनिसची जुनी नाणी मांडली आहेत. १२८४ पासून पाडलेला सोन्याचा दुकात, साडेतीन ग्रॅमचा. एका बाजूला उभा संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला दोजे, म्हणजे व्हेनिसचा सत्ताप्रमुख, दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी. दुसऱ्या बाजूला बदामाच्या बीसारख्या लांबट चौकटीत येशू. हीच ती पुतळी! व्यापाराबरोबर हे नाणं आपल्या किनाऱ्याला आलं, त्यावरच्या माणसांमुळे त्याला पुतळी म्हणू लागले, आणि मग आपल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या. फोटो मोठा करून काचेपाशी धरला. आमच्या पुतळ्यांवर झेंड्याची काठी आहे, दोजेही गुडघे टेकून आहे, पण अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. सोनाराला लिपी येत नव्हती. हे म्हणाले, म्हणजे आपली नकली. मी म्हटलं, सोनं खरं आहे ना?