ठराव ‘टेबल’ झाला, म्हणजे मांडला की गुंडाळला?

महोदय,

अमेरिकी सिनेटमधल्या एका दुरुस्तीची बातमी आपल्या अंकात वाचली. ती दुरुस्ती म्हणे ‘बहुमताने पटलावर ठेवण्यात आली’. माझी सगळी नोकरी एका नगरपालिकेच्या सभा विभागात गेली. पटलावर कागद ठेवायला आम्ही कधी मते मोजली नाहीत. विषय पुकारला, कागद ठेवला, झाले. मग इथे बहुमत कशाला लागले?

कारण ‘पटल’ हे मूळ इंग्रजी ‘टेबल’चे भाषांतर, आणि तिथले ‘टेबल’ निराळे. ब्रिटिश संसदीय रिवाजात, आणि म्हणून आपल्या विधिमंडळातही, टेबल करणे म्हणजे सभागृहापुढे ठेवणे. सिनेटमध्ये मात्र ‘टेबल करा’ ही सूचना मंजूर झाली की तो विषय तिथेच गुंडाळला जातो. त्या सूचनेवर चर्चाही होत नाही. जानेवारी 2020 मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगात व्हाइट हाउसची कागदपत्रे मागवण्याची डेमोक्रॅट नेते शुमर यांची दुरुस्ती 53 विरुद्ध 47 मतांनी ‘टेबल’ झाली. ती ‘मांडली’ असे छापले, तर हरलेला पक्ष जिंकला असे वाचक समजणार.

या घोळात भलेभले सापडले आहेत. दुसऱ्या महायुद्धातला किस्सा चर्चिल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते, म्हणून ते ‘टेबल’ करू म्हणाले. अमेरिकनांना वाटले, हे टिपण बासनात बांधायला निघाले. बराच वेळ हमरीतुमरी झाली, आणि हवे होते दोघांनाही एकच!

आपल्या कचेऱ्यांत तर या शब्दाने तिसराच संसार थाटला आहे. ‘घरपट्टीचं टेबल कुणाकडे?’ यात लाकडी फर्निचरचा संबंध नाही. आणि ‘माझं टेबल बदललंय’ असे उत्तर आले की समजावे, फाइल आज काही सापडत नाही. (टेबलाखालचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे.)

अमेरिकी अर्थासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. इतिवृत्तात आम्ही तो वर्षानुवर्षे लिहीत आलो: ‘विषय दप्तरी दाखल’. बातमी वॉशिंग्टनची असेल आणि ‘टेबल’च्या शेजारी मतांचे आकडे असतील, तर आपल्या उपसंपादकांनी बेलाशक तोच वापरावा. लंडन किंवा कॅनडातल्या ओटावाची असेल, तर ‘मांडला’ बरोबर.

— एक निवृत्त सभा लिपिक, मिरज