व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) खटला चालवा, पण आरोपीला वकिलाशी बोलू तर द्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कोर्टाचं काम ऑनलाइन होतंय म्हणून कौतुक चाललंय आणि ते काही खोटं नाहीये, आरोपीची ने-आण वाचते, पोलीस बंदोबस्त मिळाला नाही म्हणून तारीख पुढे जात नाही, लांबचा साक्षीदार असेल तिथून बोलतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने तर २००३ सालीच अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवर घ्यायला परवानगी दिली होती. साक्षीदार पडद्यावर असणं वेगळं आणि ज्याच्यावर खटला चाललाय तोच पडद्यावर असणं वेगळं, या फरकाबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून हे पत्र.

कोर्टात उलटतपासणी चालू असताना साक्षीदार काहीतरी भलतंच बोलतो, ते खोटं आहे हे फक्त आरोपीलाच माहीत असतं, तो वकिलाच्या कानात सांगतो किंवा चिठ्ठी सरकवतो आणि पुढचा प्रश्न तिथेच बदलतो. आता तोच माणूस तुरुंगातल्या व्हीसीच्या खोलीत बसलाय, माइक म्यूट, दाराशी शिपाई उभा, वकील कुठे दुसरीकडेच. सांगणार कसं? अनम्यूट करून बोलला तर न्यायाधीश, सरकारी वकील, साक्षीदार सगळे ऐकणार, आणि गप्प बसला तर साक्ष संपून जाणार. हात वर केलेला त्या छोट्याशा चौकोनात कुणाला दिसतो का हाही प्रश्नच आहे.

रशियातल्या साखनोव्स्की नावाच्या आरोपीच्या प्रकरणात असंच काहीसं झालं. आरोपी नोवोसिबिर्स्कला, अपील मॉस्कोत, मधे तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर, आणि नव्या वकिलाशी पहिल्यांदा बोलायला सुनावणीआधी फक्त १५ मिनिटं, तीही सरकारनेच बसवलेल्या व्हिडिओ यंत्रणेवर. २०१० मध्ये युरोपियन मानवाधिकार कोर्टाने हा न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग ठरवला. सरकारच्याच लाइनवर सरकारविरुद्धची गोष्ट मोकळेपणाने कोण बोलेल हो? पण त्याच कोर्टाने २००६ मध्ये इटलीच्या एका प्रकरणात व्हिडिओवरचा सहभाग चालवूनही घेतला होता, कारण तिथे वकिलाशी बोलायला सुरक्षित लाइन होती. म्हणजे ही सोय करता येते, करायची मनापासून इच्छा पाहिजे.

पडद्याने निकालावर काही फरक पडत नाही असं म्हणणाऱ्यांनी शिकागोचा अनुभव बघावा. तिथल्या कुक काउंटीत १९९९ पासून बहुतेक जामिनाच्या सुनावण्या क्लोज सर्किट टीव्हीवर घ्यायला लागले, आणि नंतरच्या अभ्यासात दिसलं की टीव्हीवर गेलेल्या गुन्ह्यांत जामिनाची रक्कम सरासरी ५१ टक्क्यांनी वाढली, खुनासारख्या ज्या केसेस समोरासमोरच चालत होत्या त्यात अशी वाढ नाही. शेवटी २००८ मध्ये पुन्हा प्रत्यक्ष हजर करणं सुरू झालं. आणि मे २०२० मध्ये सिंगापूर आणि नायजेरियात तर फाशीची शिक्षाच झूमवर सुनावली, लॉकडाऊन होता हे मान्य, पण फाशी सुद्धा लिंक पाठवून?

माझं म्हणणं एवढंच की ऑनलाइन खटल्यात आरोपी आणि वकील यांच्यात वेगळी, रेकॉर्ड न होणारी लाइन असलीच पाहिजे आणि आरोपीने बोट वर केलं की सुनावणी थांबवून त्यांना बोलू दिलं पाहिजे. लाइन तुटली तर कामही थांबावं, तेवढ्या वेळात जे झालं ते ‘तो गैरहजर असताना झालं’ म्हणून चालवून घ्यायचं नाही. आरोपी म्हणाला मला प्रत्यक्ष यायचंय, निदान पुरावा आणि निकालाच्या दिवशी, तर त्याला नेलं पाहिजे. साधी मुदतवाढीची तारीख व्हीसीवर घ्या, त्याला कुणाची हरकत नसावी. आणि व्हीसीच्या खोलीतला शिपाई, त्याला बोलणं ऐकू येणार नाही इतक्या लांब, काचेपलीकडे उभा करा, त्याला काही नवा कायदा लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक