मिशनसाठी पैसे काऊन देतो, तर ऐक

प्रिय बेटा,

खूप आशीर्वाद. काल फोनवर तू सांगितलं ना की ऑफिसातल्या त्या मुलाने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही लोक आपला धर्म आपल्या घरात ठेवून शांत काऊन बसत नाही, जगभर मिशनरी कशाला पाठवता, आणि तू हसून विषय बदलला. मग मलाच म्हणाला, आई तू तरी सांग, पेन्शनमधून दर महिन्याला मिशनसाठी पैसे बाजूला काढते ते कशाला. असल्या गोष्टी मला फोनवर धड बोलता येत नाही, मधेच दूधवाला येतो नाहीतर कुकर, म्हणून टाईप करून राहिली. लांब होईल, मेट्रोत बसल्यावर वाच.

पहिलं कारण तर तुला संडे स्कूलपासून पाठ आहे. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, पुन्हा उठल्यावर गालीलातल्या डोंगरावर प्रभू शिष्यांना म्हणतो, जा आणि सगळ्या राष्ट्रातल्या लोकांना शिष्य करा. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात परत तेच, यरुशलेमपासून सुरू करा आणि पृथ्वीच्या टोकापर्यंत माझे साक्षी व्हा. ज्यांना सांगितलं ते काय मोठे विद्वान होते का, मासे पकडणारे, जकातवाले. म्हणजे हे काम फक्त पाळकसाहेबांचं नाही, ज्याने विश्वास ठेवला त्या प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं आहे, कोणी जातो, कोणी प्रार्थना करतो, कोणी माझ्यासारखी पैसे देते.

पण नुसता हुकूम आहे म्हणून माणूस आयुष्यभर एखादी गोष्ट करत नाही रे. आपण असं मानतो ना की देवाने माणसाला माफ केलं आणि ते फुकट आहे, त्याला ना जात लागत ना पैसा ना शिक्षण. हे खरं आहे असं जर मी मनापासून मानते तर ते माझ्या घरापुरतं ठेवणं हा कंजूसपणा झाला. मे महिन्यात गल्लीत टँकर आला की आपण आपला ड्रम भरून दार लावून घेतो का, शेजारी हाक मारतोच, मग कोणी येवो न येवो. पौल रोमच्या लोकांना हेच लिहितो, ज्याच्याबद्दल कधी ऐकलंच नाही त्याच्यावर लोक विश्वास ठेवतील तरी कसा, आणि सांगणारा नसेल तर ऐकतील कसे. तुझ्या मित्राला वाटतं सांगणं म्हणजे समोरच्याला कमी लेखणं. मला उलटं वाटतं, याला सांगून काय फायदा, हा आपल्यातला थोडीच आहे, असं ठरवून गप्प बसणं हे जास्त कमी लेखणं आहे.

आणि आपल्याला पण कोणीतरी येऊन सांगितलंच ना. केरळातले ख्रिस्ती म्हणतात संत थोमा इ.स. ५२ मध्येच आला, म्हणजे इंग्रजांच्या कितीतरी आधी, पण आपल्या नागपुरात ही गोष्ट स्कॉटलंडवरून आली. तू ज्या हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं कॅन्टीनमध्ये बसला त्या हिस्लॉपबद्दल तुला किती माहीत आहे मला डाउट आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आला, तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं, रेल्वे नाही काही नाही. पुढच्या वर्षी त्याने शाळा काढली. माणूस मिशनरी, पण दगड, जीवाश्म, झाडं, गोंड लोकांची भाषा आणि गाणी, सगळ्यात डोकं घालायचा, विदर्भातल्या खडकांचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याचं नाव घेतात, हिस्लोपाइट नावाचं एक खनिजच आहे त्याच्या नावावर. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं उकरत होते ते पाहायला गेला, परत येताना बोरीजवळ नाल्याला पूर आलेला, त्यात बुडून गेला. घोडा एकटाच परत आला तेव्हा लोकांना कळलं. बुटीबोरीला मामाकडे जाताना आपण तिकडूनच जातो. गोंडांबद्दलचे त्याचे कागद नंतर १८६६ मध्ये छापले आणि कॉलेजला त्याचं नाव १८८३ मध्ये लागलं. अठरा वर्षं या उन्हात राहिला तो, आणि फार लोक काही ख्रिस्ती झाले नाही त्याच्या हाताने, हे पण खरं. म्हणूनच मला हा माणूस आवडतो. आकडा येऊन नाही राहिला म्हणून सामान बांधून गेला नाही, शाळेत शिकवत राहिला, आणि त्या शाळेत शिकून जे ख्रिस्ती झाले नाही त्यांचं पण भलंच झालं. सीताबर्डीचं मूर हॉस्पिटल पण त्याच स्कॉटिश मिशनचं, बायकांसाठी काढलेलं.

दुसरी गोष्ट तर आपल्या नागपूरच्या गाडीतलीच आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूर सोडून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते, १८९३ च्या आसपास, डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. दोघांच्या गप्पा झाल्या, कवितेवर, धर्मावर, उतरताना त्याने नवा करार हातात दिला आणि म्हणे दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक चिडखोर, हुशार, चित्पावन ब्राह्मण, अशा माणसाला कोण आमिष दाखवणार आणि कशाचं. पुस्तक वाचलं, त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि अडकले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यात मिळवलं काय तर घर तुटलं, बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नातेवाईक तुटले. पुढे लक्ष्मीबाई स्वतः विचार करून १९०० साली ख्रिस्ती झाल्या, नवरा झाला म्हणून नाही. आपण रविवारी जी भजनं टाळ वाजवून म्हणतो त्यातली कितीतरी टिळकांची. आता सांग, त्या मिशनऱ्याने डब्यात केलं काय, गप्पा मारल्या आणि एक पुस्तक दिलं. मी ज्या कामाला पैसे देते ते मूळचं एवढंच आहे.

आता तुझा मित्र जे बोलला नाही पण त्याच्या मनात असेल ते मीच बोलते. तांदळावर बाटले, म्हणजे पोटासाठी धर्म बदलला. बेटा, आपल्या घरात हे खरंच घडलं आहे, लपवण्यासारखं काही नाही. तुझी पणजी, माझ्या आईची आई, १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात आई-बाप दोन्ही गेलेली पोर, पोटात अन्न नाही, तिला मिशनच्या अनाथालयात कोणीतरी आणून सोडलं. तिथे जेवण मिळालं, अक्षर मिळालं आणि येशूपण मिळाला. कोणी म्हणेल विकत घेतली. घ्या. मरायला टाकली होती ती पोर, तेव्हा विकत घ्यायला दुसरं कोणी रांगेत उभं नव्हतं. आणि पोट भरल्यावर, लग्न झाल्यावर, तिला कोणी बांधून ठेवलं नव्हतं ना, ती म्हातारी होईपर्यंत बायबल बाई म्हणून पिशवी घेऊन गावोगाव पायी फिरली, कुठे बायकांना वाचायला शिकव, कुठे बाळंतिणीजवळ बस, कुठे शिव्या खा. भाकरीसाठी ख्रिस्ती झालेलं माणूस भाकरी मिळाल्यावर एवढं चालत नाही. आईने मला तिच्याबद्दल जे सांगितलं त्यात पगाराचा विषय कधी आलाच नाही, पायाच्या भेगांचा आला.

तरी लोकांच्या तक्रारी सगळ्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती तेव्हा, १९५४ मध्ये, सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली, अध्यक्ष डॉ. भवानीशंकर नियोगी, नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. १९५६ मध्ये रिपोर्ट आला, त्यात होतं की शाळा, दवाखाने, कर्ज यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, आणि ज्यांचा मूळ हेतू धर्मांतरच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा. ख्रिस्ती लोकांना तो रिपोर्ट एकतर्फी वाटला, मला पण वाटतो, पण कर्ज देऊन नाव लिहून घेणारा एखादा जरी असेल तर तो चूकच, त्यासाठी मला समितीची गरज नाही. आणि गंमत पहा, त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हा स्वतः नियोगींनी पण बौद्ध धर्म स्वीकारला. मी हे टोमणा म्हणून नाही सांगत. शिकलेला, न्यायाधीश राहिलेला माणूस ऐकतो, विचार करतो आणि म्हातारपणी वाट बदलतो, हा त्याचा हक्कच आहे. तोच हक्क तिकडे छत्तीसगडात जशपूरच्या एखाद्या आदिवासी बाईला पण आहे, तिला डोकं नाही, ती फसलीच असेल, असं आधीच धरून चालू नका एवढंच माझं म्हणणं.

कायदा पण तुला माहीत असू दे, मित्रासोबत बोलताना कामी येईल. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रचार करायचा हक्क प्रत्येकाला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की आपल्या धर्माची शिकवण सांगणं हा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क नाही. आपले काही लोक या निकालावर नाराज असतात. मला विचारशील तर मी नाही. मन बदलणं हे माझं कामच नाही, ते पवित्र आत्म्याचं काम, माझं काम सांगायचं आणि बाजूला व्हायचं. जबरदस्तीने किंवा लालूच देऊन आणलेला विश्वास आपल्याच शास्त्राप्रमाणे विश्वास नाही, सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर तो श्रीमंत तरुण पाठ फिरवून निघाला तर प्रभूने त्याला जाऊ दिलं, मागे धावला नाही.

आता पैसे जातात कुठे. तुझ्या मित्राला वाटतं अमेरिकेतून येतात आणि गोरे लोक वाटतात. ते दिवस गेले बाप्पा. १९०५ च्या नाताळातच श्रीरामपूरला, बंगालच्या, नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली, काढणारे व्ही. एस. अझरायांसारखे आपलेच भारतीय लोक, आणि ठरलं की माणसं भारतातली, पैसा भारतातला, कारभार पण भारतातला. आपली सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, ही मंडळी पण २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये स्थापन झाली. आता मिझोरामची पोरं, तमिळनाडूची पोरं तिकडच्या मंडळ्यांच्या पैशावर इकडे येऊन काम करतात, आपली भाषा शिकतात, आपलं तिखट खाऊन डोळ्यातून पाणी काढतात. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे तो लेप्रसी मिशनचा. तिथे ज्यांच्या जखमा धुतात त्यांचा धर्म कोणता ते मला माहीत नाही आणि विचारायचं पण नाही.

मला जे आवडत नाही ते पण लिहिते, नाहीतर तू म्हणशील आई आंधळी आहे. दुसऱ्याच्या देवाची टिंगल करणारा प्रचारक मला चालत नाही. औषध सोडा, प्रार्थनेने शुगर जाते असं स्टेजवरून सांगणारे तर अजिबात नाही, आपल्याच नात्यात एका बाईने गोळ्या बंद करून पाय घालवला. आणि गरीब पोरांचे नाक वाहतानाचे फोटो लावून पैसे मागणारे, त्यांना मी एक रुपया देत नाही. पेत्र लिहितो की तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा पण सौम्यतेने आणि आदराने द्या, आपल्यातले बरेच लोक पहिला अर्धा भाग वाचून पुस्तक बंद करतात.

ग्रॅहम स्टेन्सचं तुला माहीत आहे, ऑस्ट्रेलियाचे मिशनरी, ओडिशात बारिपदाला कुष्ठरोग्यांत काम करायचे. तू तेव्हा जन्मला पण नव्हता. जानेवारी १९९९, मनोहरपूर गावात गाडीत झोपलेले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी दोन्ही पोरं सोबत, जमावाने गाडी पेटवली, तिघेही गेले. आपल्या चर्चमध्ये त्या रविवारी कोणाच्या तोंडून गाणं निघालं नाही. त्यांची बायको ग्लॅडिस बाई म्हणाल्या मी माफ केलं, आणि लगेच ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या नाही, काही वर्षं तिथेच राहून त्या रोग्यांचं काम पाहिलं. २००५ मध्ये पद्मश्री मिळाला त्यांना. ती बाई जे बोलली ते मला जमलं असतं का माहीत नाही, तुझ्याबाबतीत तर नाहीच. पण त्यानंतरच मी दर महिन्याला मिशनसाठी द्यायला सुरुवात केली, तुझे पप्पा म्हणाले पण की हप्ते चालू आहेत, थोडं थांब, तर मी म्हटलं तुमच्या गुटख्याचे पैसे धरते.

तर त्या मुलाला काय सांगायचं ते तू ठरव. वाद घालू नको, जेवताना तर नकोच. वाटलं तर तुझ्या पणजीचं सांग, आणि त्याला विचार की तुला जे खरं वाटतं ते तू कोणाला सांगतो की नाही, आणि त्याचं उत्तर नीट ऐक, मधे बोलू नको, तुला ती सवय आहे. नाताळात त्याला घरी घेऊन ये. चर्चला यायलाच पाहिजे असं काही नाही, मटण खायला येऊ दे, शाकाहारी असेल तर आधी कळव म्हणजे पाटोडीची रस्सा भाजी करते.

मिशन रविवार पुढच्या महिन्यात आहे. तुझ्या नावाने टाकायचे असतील तर तुझे तू जीपे कर, माझ्या पैशात तुझं नाव लिहिणार नाही, आणि नाही वाटलं तर नको करू, मी विचारणार पण नाही.

तुझी
आई