घाणेरीची फळं सरसकट सेफ म्हणू नका

संपादक साहेब, रविवारच्या पुरवणीतला रानमेव्यावरचा लेख वाचला, बोरं-करवंदांबद्दल लिहिलंय ते आवडलं, पण त्याच यादीत घाणेरीची फळंही बिनधास्त खा म्हणून टाकलीत हे अजिबात पटलं नाही. आपल्या सोलापुरात मोकळ्या प्लॉटच्या कडेला, कॅनॉलच्या बांधावर ही घाणेरी, म्हणजेच टणटणी, माजलेली असते आणि पोरांच्या हाताला सगळ्यात आधी तीच लागते. पिकलेली काळी-जांभळी फळं गावाकडची पोरं खात आलीत, खरंय, पण एकाच घोसात चार मणी काळे आणि बाकीचे हिरवे असतात, लहान पोरगं ओरबाडून सगळेच तोंडात टाकतं, आणि हिरव्या फळांनी विषबाधा होऊ शकते यावर लेखात एक ओळसुद्धा नाही. हिचा पाला पोटात गेला तर गुरांचं लिव्हर बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलून निघते, जनावरांच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. येत्या रविवारी त्याच जागी कच्च्या-पिकल्या घोसाचा कलर फोटो छापून खुलासा करा, आणि पोरानं हिरवी फळं खाल्ली तर घरी उलटीबिलटी काढत न बसता लगेच सिव्हिलला न्या, हे ठळक अक्षरात टाका.

– एक पालक, सोलापूर